दहा डावांतला अर्धा गुण

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

१९३५ मध्ये आपल्या देशात बुद्धिबळाचा एक सामना झाला. डाव दहा. एका बाजूला विनायक काशिनाथ खाडिलकर, दुसऱ्या बाजूला पंजाबातले मीर सुलतान खान. निकाल असा लागला, की सुलतान खानांनी नऊ डाव जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. म्हणजे साडेनऊ विरुद्ध अर्धा.

एवढंच वाचलं तर वाटेल, की खाडिलकर नवखे असणार. तसं नव्हतं. १९२४ मध्ये साउथपोर्टला जाऊन ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत खेळून आलेला हा मराठी माणूस. आगबोटीनं विलायत गाठून तिथल्या पटाईत खेळाडूंसमोर पट मांडून बसायचं, हे त्या काळी सोपं काम नव्हतं. पण १९३५ मध्ये त्यांच्यासमोर जे गृहस्थ बसले होते, त्यांनी आधीच्या पाच वर्षांत कॅपाब्लांका, रुबिनस्टाइन, टार्टाकोव्हर आणि फ्लोर या चौघांनाही हरवलेलं होतं. बुद्धिबळाचा नाद असलेल्यांना ही नावं माहीत असतील. इतरांसाठी सांगतो, गाण्यात अब्दुल करीम खाँ, भास्करबुवा बखले यांची नावं जशी घेतली जातात, तशी ही बुद्धिबळातली.

आणि या सामन्यानंतर सुलतान खान मोठ्या बुद्धिबळाच्या नोंदींतून नाहीसेच होतात. त्यांच्या कहाणीच्या शेवटच्या पानावर एक मराठी नाव आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. आज ती कहाणी सांगायची आहे. पण नेहमी सांगतात तशी नाही. नेहमीची कहाणी अशी असते: एका नवाबाचा अडाणी नोकर होता, तो लंडनला गेला, साहेबांना हरवलं, आणि परत येऊन अंधारात गेला. ऐकायला गोड आहे. पण पट मांडून त्यांचे डाव खेळून पाहिले, की ही गोड कहाणी घशात अडकते.

सुरुवात त्यांच्या गावापासून करू. मिठा टिवाना हे पश्चिम पंजाबातलं गाव, सरगोध्याच्या बाजूचं. सुलतान खानांचा जन्म तिथला, कुटुंबीयांच्या सांगण्याप्रमाणे १९०३ चा. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी बुद्धिबळ शिकवलं. हे बुद्धिबळ म्हणजे देशी डाव. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढं जातं, दोन घरांची उडी नाही. युरोपीय डावातलं कॅसलिंग, ज्याला आपण किल्लेकोट म्हणतो, ते नाही. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरं जायची मुभा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर हवा तो वजीर मागता येत नाही; ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचा मोहरा मिळतो, हत्तीच्या पट्टीत हत्ती, उंटाच्या पट्टीत उंट.

आमच्या सणसवाडीत, पुणे-नगर रस्त्याला कारखाने लागायच्या आधी, देवळाच्या पारावर म्हातारी माणसं असाच डाव मांडत. मी शाळेत नवी पद्धत शिकून आलो आणि प्यादं दोन घरं सरकवलं, तेव्हा आमच्या एका आजोबांनी ते उचलून मागं ठेवलं होतं. म्हणाले, "पोरा, माणूस घरातनं निघतो तवा एकच पाऊल टाकतो." देशी डाव सावकाश चालतो. पहिल्या वीस चालींत काहीच घडत नाही असं वाटतं. दोन्ही फौजा आपापल्या बाजूला बांध घालत असतात. खरं कसब मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात. हे ध्यानात ठेवा, कारण सुलतान खानांचा खेळ समजायला पुढं हीच किल्ली लागणार आहे.

दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्याच. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं, युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं बुद्धिबळाचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं होतं. पण पुस्तक मुंबईत छापलं म्हणून मिठा टिवान्याच्या पोराच्या हाती पडतं असं नाही. सुलतान खान युरोपीय नियम शिकले ते वयाची विशी उलटल्यावर, सर उमर हयात खान टिवाना या जमीनदाराच्या आश्रयाला आल्यानंतर. सर उमर मोठं प्रस्थ. फौजेत मानाचा हुद्दा, इंग्रज दरबारात ऊठबस, आणि बुद्धिबळाचा जबर शौक. त्यांनी या तरुणाला जवळ ठेवलं, नवे नियम शिकवले. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा झाली. सुलतान खानांनी नऊपैकी आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला.

पुढच्या वर्षी, १९२९ च्या वसंतात, सर उमर लंडनला गेले आणि यांना बरोबर घेऊन गेले. तिथं सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवली गेली. सुलतान खान शेवटच्या क्रमांकावर आले. हा तपशील गोड कहाणीत गाळला जातो, आणि मला तर तोच फार महत्त्वाचा वाटतो. कारण त्यानंतर फ्रेडरिक येट्स आणि विल्यम विंटर या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांना जवळ बसवून तयारी करून घेतली. काही आठवडे. त्या उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली आणि ती सुलतान खानांनी जिंकली. याला चमत्कार म्हणायचं की शिकणं? शेवटून पहिला आलेला माणूस दोन-तीन महिन्यांत शिकून पहिला येतो, तेव्हा आपण त्याच्या बुद्धीला नमस्कार करायचा सोडून दैवाला का करतो?

येट्सविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढं जाववत नाही. सहा वेळा ब्रिटिश विजेता झालेला हा माणूस बुद्धिबळावर पोट भरत होता. वर्तमानपत्रांत सदरं लिहायची, एकाच वेळी अनेकांशी खेळण्याचे कार्यक्रम करायचे, स्पर्धांचे अहवाल लिहायचे. हाती फारसं काही लागत नसे. १९३२ च्या नोव्हेंबरात लंडनमधल्या खोलीत गॅसच्या जुनाट नळीतून गळती झाली आणि झोपेतच तो गेला. खेळावर जगणाऱ्याची ही गत. सुलतान खानांनी इंग्लंडात राहून खेळावर का जगलं नाही, असं विचारणाऱ्यांनी येट्सची खोली आठवावी.

आता तो डाव. १९३०-३१ ची हेस्टिंग्जची नाताळातली स्पर्धा. समोर क्यूबाचा होजे राउल कॅपाब्लांका, १९२१ ते १९२७ या काळातला जगज्जेता. ज्याला हरवणं म्हणजे बातमी, असा खेळाडू. सुलतान खान पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होते. पाचव्या चालीला त्यांनी वजिराच्या बाजूचं कडेचं प्यादं एकच घर पुढं सरकवलं. दिसायला अगदी बिनकामाची चाल. पण तीच पद्धत पुढं टिग्रान पेट्रोशियन या जगज्जेत्याच्या नावानं ओळखली जाऊ लागली आणि आजही खेळली जाते. उघडीची पुस्तकं न वाचलेला माणूस म्हणे!

मग त्यांनी राजाच्या बाजूची प्यादी पुढं रेटली, आणि किल्लेकोट काही केला नाही. राजा मधेच उभा. कॅपाब्लांकाने संधी साधली. त्याचे दोन्ही हत्ती एकामागोमाग मोकळ्या पट्टीतून पांढऱ्याच्या घरात घुसले, शहावर शह बसले. अशा वेळी आपल्यासारख्याचं काळीज पाण्यात जातं. सुलतान खानांनी वजीर दिला आणि बदल्यात दोन्ही हत्ती घेतले. चोविसाव्या चालीला पट असा दिसतो: काळ्याकडे वजीर, पांढऱ्याकडे दोन हत्ती, आणि पांढऱ्याचा राजा उघड्यावर. हिशेबाला बरोबरी. पण वजीर हा चपळ मोहरा. उघड्या राजाभोवती तो पिंगा घालणार, असंच कुणालाही वाटेल.

तसं झालं नाही. पुढच्या चाळीस चालींत सुलतान खानांनी घाई म्हणून केली नाही. हत्ती, उंट, राजा, सगळे एकेक घर बघून बसवत आणले. राजा मधे उभा राहिला तर घाबरायचं नसतं, हे देशी डावात हाडीमाशी भिनलेलं असणार. वजिराला धावायला जागा होती, पण धावून करायचं काय, हे उरलं नाही. पासष्टाव्या चालीनंतर कॅपाब्लांकाने डाव सोडला. या माणसाला त्याने पुढं प्रतिभावंत म्हटलं. कॅपाब्लांका दुसऱ्याला असं सहजी म्हणत नसे.

त्या स्पर्धेत सुलतान खान तिसरे आले. पुढं फक्त ऑयवे आणि कॅपाब्लांका. लगोलग टार्टाकोव्हरशी बारा डावांचा सामना झाला, तो साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला. १९३१ मध्ये प्रागच्या ऑलिम्पियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर बसले. होय, इंग्लंडच्या. सतरा डावांत आठ जिंकले, सात बरोबरीत, दोन हरले. जिंकलेल्यांत रुबिनस्टाइन आणि फ्लोर, बरोबरीत सोडवलेल्यांत त्या वेळचा जगज्जेता अलेखाइन. फ्लोरशी १९३२ मध्ये सहा डावांचा सामना थोडक्यात हरले. ब्रिटिश अजिंक्यपद १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा त्यांचंच. आणि हे सगळं हिवतापाच्या फेऱ्यांत, सर्दी-घशाच्या दुखण्यांत, विलायतेतल्या धुक्यात गळ्याभोवती कापड गुंडाळून.

त्याच घरातल्या मिस फातिमा या तरुणीने १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलं. अकरा डावांत दहा विजय, एक बरोबरी. त्यांच्याबद्दल तर कहाणीसुद्धा कुणी रचली नाही.

आता त्या नोकरपणाकडे येतो. १९३३ मध्ये फोकस्टोनला ऑलिम्पियाड झालं, ते अमेरिकेनं जिंकलं. त्या संघाला सर उमर यांनी घरी जेवायला बोलावलं. संघातला रूबेन फाइन हा खेळाडू नंतर लिहून गेला, की जगातल्या मोठ्या खेळाडूंपैकी एक असलेले सुलतान खान आम्हाला पानावर वाढत होते, वेटरसारखे. आम्हाला फार अवघडल्यासारखं झालं. फाइनचा हा प्रसंग मग पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. २०२० मध्ये डॅनिएल किंग या ग्रँडमास्टरने सुलतान खानांवर मोठं पुस्तक लिहिलं. डाव मेहनतीने गोळा केले, त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. पण पुस्तकाच्या नावातच 'भारतीय नोकर' असा शब्द आला. तेव्हा सुलतान खानांच्या मुलाने आणि नातीने त्याला जाहीर उत्तर दिलं. आमचे वडील, आमचे आजोबा नोकर नव्हते. जमीनदार आणि पीरांच्या घराण्यातले होते. बुद्धिबळासाठी मानधन घेऊन सर उमर यांच्याकडे राहिले होते. निरक्षरही नव्हते, असं त्यांचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर फाइन खोटं लिहीत नव्हता. त्याने पाहिलं ते खरं, पण त्याला वाचता आलं नाही. आपल्याकडे घरी पाहुणे आले तर वाढायला कोण उठतं? लग्नाच्या पंगतीत बुंदीची परात घेऊन कोण फिरतं? गावचे मानकरी, भाऊबंद, जावईसुद्धा. आमच्याकडे ईदच्या दस्तरखानावर घरातला कर्ता मुलगा शेवटी जेवतो, आधी सगळ्यांना वाढतो. अमेरिकन माणसाला वाढणारा हात म्हणजे वेटरचा हात. सर उमर आणि सुलतान खान यांच्यात बरोबरीचं नातं होतं असं मी म्हणत नाही. आश्रयदाता तो आश्रयदाता, आणि पंजाबातल्या मोठ्या जमीनदाराचा दरारा काय असतो ते सांगायला नको. पण आश्रित असणं आणि चाकर असणं यांत अंतर आहे. आपल्याकडे दरबारी गवयी, कवी, मल्ल, सगळे आश्रितच होते. कोल्हापूरच्या तालमीतल्या मल्लाला कुणी नोकर म्हणून पाहावं, तर लाल मातीतली माणसं हसतील.

या सगळ्या नवलामागं एक जुनी सवय आहे. ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्याने केलं, म्हणून टाळ्या. मी मराठीत कविता वाचतो, तेव्हा कार्यक्रमानंतर कुणी तरी प्रेमानं विचारतंच, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?" आमच्या घराण्याच्या सहा पिढ्या भीमेच्या काठी मराठीतच भांडल्या, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण कवितेत काय होतं, ते मात्र राहून जातं. सुलतान खानांचं तेच झालं. त्यांच्या पगडीवर, मौनावर, मोडक्या इंग्रजीवर सगळ्यांनी लिहिलं. चोविसाव्या चालीनंतर त्यांनी काय विचार केला असेल, यावर फार थोड्यांनी.

१९३३ च्या डिसेंबरात सर उमर मायदेशी निघाले आणि सुलतान खान त्यांच्याबरोबर परत आले. युरोपातली सगळी कारकीर्द मिळून पाच वर्षांच्या आतली. त्यातही मधे काही महिने ते घरी येऊन राहिले होते. परत आल्यावर काय होतं इथं? राष्ट्रीय संघटना नाही, नियमित स्पर्धा नाहीत, परदेशी जायचं भाडं कोण देणार हा प्रश्न. देशाची पहिली रीतसर राष्ट्रीय स्पर्धा झाली ती १९५५ मध्ये, आंध्रात एलुरूला; तिचं विजेतेपद आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे वेंकय्या यांनी वाटून घेतलं. म्हणजे सुलतान खानांच्या परतीनंतर बावीस वर्षांनी.

हौशी खेळाडू म्हणतो आपण. हौस ही मोठी गोष्ट आहे, पण तिला तिकीट काढून द्यावं लागतं. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांसारखा माणूस उभा राहिला आणि नूतन बुद्धिबळ मंडळ वाढलं, म्हणून तिथं दूरदूरची पोरं खेळायला येऊ लागली. सुलतान खानांना तिकीट देणारा एकच माणूस होता. तो परत निघाला, खेळ थांबला. म्हणूनच १९३५ चा तो सामना मला महत्त्वाचा वाटतो. बरोबरीचं कुणी तरी समोर हवं, या भुकेनं मांडलेला तो पट असणार. समोर होते खाडिलकर. त्यांनी दहा डावांत अर्धा गुण मिळवला. हेस्टिंग्जच्या त्या पटावर कॅपाब्लांकाला मिळाला होता त्याहून अर्ध्यानं जास्त, असं गमतीनं म्हणता येईल.

पुढचं थोडक्यात. १९४४ मध्ये सर उमर वारले. १९४७ ला फाळणी झाली, सरगोधा पाकिस्तानात गेलं. १९५० मध्ये 'फिडे' या जागतिक संघटनेने पहिल्यांदा रीतसर ग्रँडमास्टर पदव्या दिल्या, सत्तावीस जणांना. त्यांत टार्टाकोव्हर होता, फ्लोर होता, ऑयवे होता. आणि पूर्वीच्या कर्तबगारीबद्दल, खेळणं केव्हाच सोडलेला रुबिनस्टाइनही होता. सुलतान खान त्या वेळी जिवंत होते, वय सत्तेचाळीस. यादीत त्यांचं नाव नव्हतं. खेळले होते इंग्लंडकडून, जन्मले हिंदुस्थानात, राहत होते पाकिस्तानात. नाव कुणी सुचवायचं? आपल्याकडच्या इतिहासांत ते पाकिस्तानी म्हणून सुटले, तिकडं बुद्धिबळच फारसं नव्हतं म्हणून सुटले. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोध्यात त्यांचं निधन झालं.

परवा, २०२५ च्या जुलैत, नागपूरची दिव्या देशमुख बटुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टर पदवी नव्हती. अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून ती परतली, ती ग्रँडमास्टर होऊन. जिंकणाऱ्याला थेट पदवी, असा नियमच आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीला हा न्याय त्याच दिवशी मिळाला, याचा आनंद वाटतो. सुलतान खानांना फिडेने मानद ग्रँडमास्टर पदवी दिली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी. फिडेचे अध्यक्ष पाकिस्तानात आले होते, तेव्हा.

त्यांचे थोरले चिरंजीव अथर सुलतान यांनी एक आठवण सांगितली आहे. वडील मुलांना बुद्धिबळ शिकवत नसत. आयुष्यात याहून काही उपयोगाचं करा, असं सांगत.